टाचमास्तर

आमचे ड्रिलमास्तर माणसाचं तोंड बघण्याआधी त्याच्या टाचा बघत. वर्गात आले की बाकांखाली नजर, प्रार्थनेला उभे राहिलो की जमिनीकडे नजर. टाच उचललेली दिसली की पोटरीवर छडी. "टाच सुटली का गडी कामातून गेला," असं ते म्हणत. म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक नसावं. बुलढाण्याच्या आमच्या हायस्कुलात त्यांचं नाव टाचमास्तर पडलं.

पलटणीतून आलेल्या या गृहस्थांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. तपासणीला नागपूरहून येणाऱ्या साहेबांना शाळेचा फुटबॉलसंघ दाखवायचा, म्हणून संघ त्यांच्या गळ्यात पडला. चेंडू घरंगळत जवळ आला तर ते बाजूला होत. काखेत मात्र एक इंग्रजी पुस्तक सदैव असे. त्यातल्या एका चित्रावर त्यांची सारी विद्या उभी होती. एक गोरा मुलगा, पाय जुळवलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या, दोन्ही हातांतला चेंडू डोक्यामागे. रेघेबाहेर गेलेला चेंडू आत फेकायचा तो असाच. भिंतीला टाचा लावून ते आम्हाला तासभर नुसते रिकामे हात फेकायला लावत. चेंडू देत नसत. तो झिजेल म्हणून.

आमच्यात खरा थ्रो एकाचाच होता. रहीम हा देऊळगाव राजाच्या रंगाऱ्याचा मुलगा, बोर्डिंगात राहायचा. दोन पावलं धावत येऊन तो पुढचा पाय रोवी, मागच्या पायाचा अंगठा मातीतून ओढत आणी आणि पाठीची अशी कमान करी की बघणाऱ्याच्या मणक्यात कळ यावी. मग कंबर, खांदे, मनगटं एकामागून एक सुटत आणि चेंडू थेट गोलच्या तोंडाशी पडे.

"एवढा जोर हातात येतो कुठून?" मी एकदा विचारलं.

"हाताचं काई नाई बे," तो म्हणाला. "ओलं लुगडं उंच दोरीवर टाकून पाहाय. जोर पायातून निघते, कमरेतून वर येते. हात फकस्त शेवटी सोडून देते."

मास्तरांना ते कुठलं पटायला?

"टाच उठून राह्यली तुही. फाऊल आहे हे."

"पण सर, अंगठा तं जमिनीवरच आहे."

"अंगठ्याले टाच म्हणतेत का बे?"

मग त्यालाही भिंतीला उभं केलं. त्या पद्धतीनं त्याचा चेंडू निम्म्यावरही जाईना. मास्तर म्हणाले, "आता बरोबर."

वर्षाचा शेवटचा सामना मलकापूरच्या मुलांशी होता. जिंकणाऱ्या संघातून मुलं निवडून नागपूरला न्यायची होती. रहीमला बापानं बजावलं होतं, निवडला गेलास तर शिक, नाहीतर घरी ये आणि रंगाच्या हौदावर उभा राहा. दोन्हीकडे एकेक गोल झालेला, वेळ संपत आलेली. चेंडू रेघेबाहेर गेला तो नेमका आमच्या मास्तरांसमोर. आमच्या बाजूच्या रेघेवर झेंडा धरून तेच उभे होते. रहीमनं चेंडू उचलला आणि भिंत विसरून आपल्या पद्धतीनं फेकला. मी उडी मारून त्याला कपाळ लावलं. चेंडूच्या चामडी नाडीनं कपाळ फाटलं, पण चेंडू आत गेला. पोरांनी मला उचललं. वरून मला मास्तरांचा झेंडा दिसला. उंच, ताठ.

रेफरी धावत त्यांच्याकडे गेला. "तुमचाच मुलगा ना?"

"माझाच आहे. म्हणूनच सांगतो. टाच उचलली त्यानं."

गोल रद्द झाला. पुढच्या दोन मिनिटांत आमच्यावर गोल झाला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर टाचमास्तरांच्या सचोटीचं कौतुक केलं. ते मान खाली घालून ऐकत होते. आमच्या टाचा बघत होते. आठवडाभरात रहीम पेटी घेऊन गेला.

पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो; टाचमास्तर अजून तिथंच होते. एका दिवाळीत कपाटं आवरताना ते पुस्तक हाती आलं. चित्राखाली स्वच्छ लिहिलं होतं की दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर असला म्हणजे पुरे, टाच उचलली तरी चालते. मी ते जपून ठेवलं. मला घाई नव्हती. चार महिन्यांनी, सगळे मास्तर खोलीत चहाला जमलेले असताना, पुस्तक टाचमास्तरांपुढं उघडून म्हणालो, "सर, एवढं वाचून दाखवता?"

त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मले इंग्रजी येत नाई. मी चित्रच पाहत आलो." मी चित्राखालचा मजकूर मोठ्यानं वाचला, मराठीतही सांगितला. दोघेतिघे हसले. मीही हसलो. मास्तर दोन दिवस शाळेत आले नाहीत. मला त्याचंही बरंच वाटलं.

त्या उन्हाळ्यात एका लग्नाला देऊळगाव राजाला गेलो, तेव्हा रहीमकडे डोकावलो. कोपरापर्यंत निळे हात घेऊन तो हौदावर उभा होता.

"मास्तर येऊन गेले," तो म्हणाला. "मोटारीनं आले, इथंच उभे राह्यले. साऱ्या गल्लीसमोर टोपी काढली अन् म्हणले, रहीम, तुहा थ्रो बरोबर होता, मी चुकलो."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, बसा सर, चाय घ्या." त्यानं हात पुसले. "तुले कवा समजलं रे हे?"

"दिवाळीत," मी म्हणालो.

त्यानं हात पुन्हा हौदात घातले. देऊळगावला मोटार रोज येत होती, आणि त्या चार महिन्यांत ती धरून रहीमला आधी सांगावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.