महामायेच्या दंडातली कांडी

अमडापूरजवळच्या त्या वस्तीवर सिंधूइतका झपाट्यानं कापूस वेचणारी बाई नव्हती, आणि हे सगळ्यांत आधी सिंधूच सांगायची. दोन्ही हातांनी दोन ओळी धरायच्या, ओटी भरली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रिती करायची, पुन्हा वाकायचं. पण गेली तीन वर्षं काट्यावर तिच्यापेक्षा धाकट्या जावेचं, महामायेचं गाठोडं जड भरत होतं. त्याचं कारण सिंधूला पक्कं ठाऊक होतं. महामायेच्या डाव्या दंडात, कातडीखाली, आगकाडीएवढी एक कांडी होती. तालुक्याच्या दवाखान्यात बसवलेली. ती असेपर्यंत तीन वर्षं दिवस जायची धास्ती नाही.

कांडी बसवायला खरं तर दोघी मिळूनच गेल्या होत्या. महामायेला एक मुलगा, संघर्ष. सिंधूला दोन मुली. नर्सबाई म्हणाल्या, दोन-तीन दिवस या हातानं ओझं उचलायचं नाही. ऐन वेचणीचे दिवस, आणि डावा हात म्हणजे सिंधूची अर्धी मजुरी! ‘पाणी पिऊन येतो,’ म्हणाली, पायऱ्या उतरली आणि थेट बाजारात गेली. संध्याकाळी घरी सांगितलं, ‘डॉक्टरनं मले नाई म्हटलं. रक्त कमी हाय म्हणे.’

पुढं सिंधूला तिसरी मुलगी झाली. त्याच्या पुढच्या साली भर वेचणीत, धुऱ्यावरच गर्भ पडला. महामायेलाही पहिले सहा महिने जड गेले. पाळी कधीही यायची, थेंब थेंब जायचं. सिंधूला तेवढेच सहा महिने गोड वाटले! मग महामायेची पाळी जवळजवळ थांबली, यात घाबरण्यासारखं काही नाही असं नर्सबाईंनी सांगितलं, आणि बाई मोकळी झाली. गुलाबी बोंडअळीनं आसपासच्या शिवारातल्या पऱ्हाट्या उपटायला लावल्या त्या वर्षी ती टेम्पोत बसून पार डोणगावकडे वेचायला गेली. संघर्षला चांगल्या शाळेत घातलं. स्वतःला साडी घेतली, तीही जांभळी. सिंधूचा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदाची वेचणी लागली आणि तीन वर्षं भरत आली. सिंधूनं मग तोंड सोडलं. सासूला म्हणाली, ‘बीटीचं बी घरी राखून पेरलं तं पयल्यावानी बोंडं धरते काय? ते दंडातलंही तसंच हाय. तिची कूस आता गेली समजा.’

दर साली बियाण्याचं नवं पाकीट आणणाऱ्या घरात हे न पटायला काय झालं! सासूनं महामायेच्या नवऱ्याला, इंद्रभानला, दोन दिवस धारेवर धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला निघाला. सिंधू त्या दिवशी वेचता वेचता चक्क गुणगुणत होती. काढून टाकतील एकदाची. मग पाहू, कोणाचं गाठोडं जड भरते ते.

दुपार कलता दोघं परतली. महामायेच्या दंडाला पांढरी पट्टी होती.

‘काढली?’ सिंधूनं विचारलं.

‘काढली. अन् तिथंच नवी बसवली.’

इंद्रभान हसत म्हणाला, ‘म्या सगळं इचारलं वहिनी. काढली का पुन्हा दिवस राह्यतात म्हणे. बीटीचं सांगतलं तं नर्सबाई लय हसल्या.’ आणि तो गाडी सावलीत लावायला गेला.

महामाया जवळ आली. हळूच म्हणाली, ‘बाई, नर्सबाईनं तुमची आठवण काढली. म्हणे, पाणी प्यायले गेलेल्या तुमच्या जाऊबाई अजून आल्या नाईत काय?’

सिंधू चपापली. ‘म्हंजे तुले तवाच मालूम होतं?’

‘हाव.’

‘मंग घरी काऊन नाई सांगतलं?’

‘तुमी रक्त कमी हाय म्हटलं. म्या कशाले तुमाले खोटं पाडू?’

तीन वर्षं सिंधूनं हिच्या नावानं बोटं मोडली होती. गाठोड्याचा, साडीचा, हसऱ्या नवऱ्याचा, सगळ्याचा हेवा केला होता. पण हिच्या या गप्प राहण्याचा वाटला तेवढा हेवा तिला कशाचाच वाटला नव्हता. एवढं मन आपल्यापाशी नाही हे तिला तिथंच कळलं, आणि ती आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी महामाया एका हातानं वेचू लागली. सिंधू तरातरा गेली आणि तिला बाजूला सारलं. ‘सरक. तुही ओळ म्या वेचतो. ओझं उचलू नको म्हटलं ना तिनं?’ आणि वाकली. वेचलेला कापूस मात्र तिनं स्वतःच्याच ओटीत टाकला.

ओळ संपत आली तेव्हा मान वर न करता सिंधूनं विचारलं, ‘नर्सबाई कोणत्या वारी असते?’

‘बुधवारी.’

‘येतो मी.’ सिंधूचा हात बोंडावर थांबला. ‘पण माया, पाणी प्यायले मले एकटीले जाऊ देऊ नको.’