पदर हनुवटीपाशी थांबला

शनिवार, सकाळी साडेदहा. दातांच्या दवाखान्यात हजर: मंदाआत्या, डॉक्टरीणबाई आणि वही घेऊन मी.

आत्याने तीस वर्षं भाजक्या तंबाखूची मिश्री लावली. दात त्यानेच घट्ट राहतात, असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात हिरड्या पार खराब होऊन पुढचे चार दात हलायला लागले. ते वाचवायला दोन महिन्यांपूर्वी हिरडी उघडून आतून साफ केली, टाके घातले. दात राहतात की काढावे लागतात, ते आज कळणार होतं.

डॉक्टरांनी एकेक दात हलवून पाहिला. "मावशी, चारही राहिले. आता मिश्री बंदच ठेवायची."

"बंदच आहे. सकाळी बोट शिवशिवलं की झाडांना पाणी घालते. तुळशीत नुसता चिखल झालाय," म्हणत आत्या हसली.

हसताना तिचा हात सवयीने पदर घेऊन तोंडाकडे निघाला, हनुवटीपाशी थांबला आणि खाली आला. बरं झाल्याची बातमी अंगभर एकदम पोचत नसावी. हिरडीला आधीच कळली होती, हाताला आत्ता कळत होती. आपणही किती जुन्या, कधीच भरून आलेल्या जागा अजून झाकत असतो.

आत्या मग रिक्षात, भाजीवालीपाशी, जिन्यात तोंड भरून हसत राहिली. मी गोळ्या, ब्रश, पुढची तपासणी, सगळं वहीत लिहिलं. घरी अल्बम चाळला, तर आत्याचे दात एकाही फोटोत नाहीत. तसा एक फोटो काढायचा राहिलाय.