थोरली खेळायला येईना

माझ्या दोन नाती. थोरलीचं लग्न झालं, धाकटी बारावीला आहे, घरीच असते. दोघींना वेड एकाच गोष्टीचं, टीव्हीला जोडायच्या डब्यावर बंदुकीचा गेम खेळायचा. डबा त्यांच्या मामाने दिला. तो पुण्याला असतो. त्याने नवा घेतला आणि जुना भाच्यांच्या गळ्यात घातला. आमचं गाव सेनगावच्या बाजूला. गावात असा डबा दुसऱ्या कुणाकडे नव्हता, म्हणून हे नेमकं काय आहे हे विचारायला जावं असं घरही नव्हतं.

मला कळलं ते एवढंच. दोघी एका बाजेवर बसायच्या, प्रत्येकीच्या हातात एक रिमोट. टीव्हीचे दोन तुकडे व्हायचे, वरचा थोरलीचा, खालचा धाकटीचा. दोन्ही तुकड्यांत एकेक बंदूक दिसायची. जागा एकच, पण वर ती एका बाजूने दिसायची आणि खाली दुसऱ्या बाजूने. मी मागे बसून गवारीच्या शेंगा मोडायचे, आणि बघायचं कोणत्या तुकड्यात हे मला कधी ठरवता आलं नाही. कधी दोघी मिळून तिसऱ्याच माणसांना मारायच्या, कधी एकमेकींना. मी विचारायचे, "आता तुमी एका बाजूच्या का दोन बाजूच्या?" तर दोघी एकदम म्हणायच्या, "थांब गं आजी."

भांडणं व्हायची ती मारण्यावरून नाही, बघण्यावरून.

"तू माझ्या तुकड्यात बघून राहिलीस."

"न्हाई बघितलं."

"मग मी भिंतीमागं लपले हे तुला कसं कळलं?"

"लपली की तू श्वास रोखतेस. शेजारीच बसले न मी."

एकदा धाकटीने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीच्या मधोमध आडवा चिकटवला. त्याने काही अडलं नाही. दोघी एकाच बाजेवर, दिसायचं ते दोघींना दिसणारच. हे मी चौथी शिकलेली बाई सांगू शकले असते, पण मला कुणी विचारलं नाही.

थोरलीला बघायला कनेरगाव नाक्याचे पाहुणे आले. घरात आई आणि मुलगा, दोघंच. मुलाचं नाक्यावर टायरचं दुकान. मी शेती विचारली, विहिरीचं पाणी विचारलं, मुलाला व्यसन आहे का तेही तोंडावर विचारलं. पोरा-पोरीला थोडं बोलू दिलं. थोरली बाहेर आली आणि हो म्हणाली. मागून कळलं की पोराकडे तसाच डबा आहे.

"दुसरं काही विचारलंस का त्याला?" मी म्हणाले.

"बाकीचं तू विचारलंस न."

लग्न झालं. मला वाटलं, आता धाकटीचा खेळ संपला. एक रिमोट नुसता पडून राहील. पण चार दिवस गेले न गेले तोच धाकटी कानाला हेडफोन लावून थोरलीवर ओरडायला लागली. मी ओसरीवर जाऊन बघून आले, थोरली आली की काय. कुणी नव्हतं. टीव्ही आता अख्खा धाकटीचा झाला होता.

"दुसरा तुकडा कुठं गेला?"

"तो ताईच्या घरी हाय, आजी. तिच्या टीव्हीवर."

"मग तुमी पळता ती जागा कोणाच्या घरी हाय? इथं का तिथं?"

धाकटीने जरा विचार केला. "कुठंच न्हाई," म्हणाली.

जी जागा कुठंच नाही तिथं जाऊन दोन पोरी रोज संध्याकाळी भेटतात, हे मला पटत नव्हतं, पण भेटत होत्या खऱ्या. मला ऐकू यावं म्हणून धाकटी हेडफोन काढून ठेवायची, मग थोरलीचा आवाज टीव्हीतून यायचा.

त्या आवाजामुळे मी तिथं बसायला लागले. फोनवर थोरली बोलायची ते निराळं. फोन स्पीकरवर, शेजारी सासू. जेवलीस का, जेवले. पाऊस हाय का, हाय. असं पोलिसाला जबाब दिल्यासारखं. खेळात मात्र ती आमच्या घरातल्यासारखीच होती. "मागं फिर गं आंधळे, तो छपरावर हाय. तुला बारावीला कोणी बसवलं?" नवीन नांदायला गेलेली पोर अशी बोलते तोवर तिचं बरं चाललं आहे, असा मी हिशेब बसवला. तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

मग एका संध्याकाळी दोघी खेळत असताना टीव्हीतून तिसऱ्याच बाईचा आवाज आला. "बंद कर आता ते. कोणाशी बोलून राहिलीस एकटी?" मागोमाग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि थोरली खेळातून गेली. त्यानंतर ती खेळायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. फोन केला तर तेच, जेवले, हाय, व्हय. धाकटी रोज डबा लावायची, वाट बघायची आणि बंद करायची.

मी माझ्या मुलाला, नातींच्या बापाला सांगितलं, पोरीचं काहीतरी बिनसलं आहे.

"काहून?"

"ती गेम खेळायला येईना."

तो हसला. "माय, लोक नाती गेम खेळतात म्हणून रडतात. तू ती खेळत न्हाई म्हणून रडून राहिलीस. संसाराला लागली असंल ती."

"मी रडत न्हाई. तू आपटलेलं ऐकलं न्हाई. मी ऐकलं."

"काय आपटलं?"

ते मला माहीत नव्हतं. भांडं असेल, दार असेल, पोरीचं डोकंही असेल. माहीत नाही म्हणून तर जायचं होतं. न बोलावता नातीच्या सासरी जाणं आमच्यात बरं दिसत नाही, पण मी पिशवीत तुरीची डाळ भरली आणि सकाळी जीपने सेनगाव गाठलं. तिथून हिंगोली, हिंगोलीहून वाशीमची गाडी, कनेरगाव नाका त्याच वाटेवर. निघताना धाकटी म्हणाली, "मारत असले तर घेऊनच ये तिला." मी म्हणाले, "मग काय सोडून येईन?"

नाक्याजवळ रस्ता खणून ठेवला होता. टायरच्या दुकानात जावई दिसला नाही, तो माल आणायला गेल्याचं पोऱ्याने सांगितलं. घर मागच्या गल्लीत. दार लोटलेलं होतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून बाई ओरडली, "मेले गं मेले, उचल मला, उचल लवकर."

मी चपलांसकट आत गेले.

आत थोरली आणि तिची सासू खाली सतरंजीवर बसल्या होत्या, टीव्हीकडे तोंड करून. सासूच्या हातात रिमोट. टीव्हीचे दोन तुकडे झालेले, आणि खालच्या तुकड्यात जे कोणी होतं ते आडवं पडलं होतं. थोरली म्हणत होती, "आत्या, रांगत माझ्याकडं या. तिकडं नका जाऊ, तिकडं ते लोक हाइत."

"रांगू कशी? कोणतं बटन?"

मग त्यांनी मला बघितलं. थोरली उठून पाया पडली. मी तिचं तोंड धरून उजेडाकडे फिरवलं, हात बघितले, दंड बघितले. कुठे काही नव्हतं. उलट गालावर मांस आलं होतं.

"विहीणबाई, काय बघून राहिल्या?" सासू म्हणाली. "शिंगं मोजून राहिल्या का?"

"तुमी हिला खेळू देत न्हाई असं वाटलं," मी सरळ सांगितलं.

"मी? मला सोडंना ती. सकाळचा सैपाक झाला की बसवते."

"त्या दिवशी आपटलं काय?"

सासूला आठवेना. थोरलीला आठवलं. "परात हो आत्या. तुमी रागानं परात ठेवली." सासू म्हणाली, ठेवली असेन. मग ती माझ्याकडे वळली. "घरात दोन बाया. एक दिवसभर गप्प, आणि संध्याकाळ झाली की भिंतीशी हसते, भिंतीला शिव्या देते. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकते. मला वाटायचं, मी मेले का जिती? म्हणून म्हणलं, खेळायचं तर माझ्याशी खेळ. मी हाय न इथं, हाडामासाची. दुसऱ्या दिवशी रस्त्यावाल्यांनी खणताना नेटची वायर तोडली, मग हिलाही माझ्यावाचून कोणी उरलं न्हाई."

तिने चहा टाकते म्हटलं. मी नको म्हटलं. पोरीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं आम्ही तोंडात घालत नाही.

"मग हे घ्या." तिने रिमोट पुढे केला. "हे काही पोटात जात न्हाई."

मी घेतला नाही. आधीच मला काही कळेनासं झालं होतं. मी पोर सोडवायला आले होते, आणि सोडवण्यासारखं काही सापडत नव्हतं. ही बाई माझ्या नातीशी गोड वागत होती का तिचं माहेर तोडत होती? दोन्ही एकाच सतरंजीवर चाललं होतं. सासू मी आणलेली डाळ ठेवायला आत गेली तेव्हा मी थोरलीला विचारलं, "वायर कधी जोडणार ते लोक?"

थोरलीने रिमोटची बटणं उगीच दाबली. "जोडली."

"कधी?"

"झाले काही दिवस."

"मग धाकटीकडं काहून येत न्हाईस? ती रोज डबा लावून बसते."

"आत्या एकट्याच असतात गं. ऑनलाइन बसले की त्यांचं तोंड उतरतं. आणि..." ती थांबली. "त्या फार वाईट खेळतात, आजी. भिंतीवर जाऊन आपटतात. त्यांना उचलता उचलता मला इतकं हसायला येतं. धाकटीसोबत मी हसते, पण मग हेडफोन काढला की खोली एकदम गप्प होते. बाजूला कोणी नसतंय."

"मग हे तिला सांगायला काय झालं?"

"काय सांगू? सासूसोबत जास्त मजा येते, असं?"

मी निघाले. थोरली नाक्यापर्यंत आली, गाडीत बसवून गेली. मारझोड असती तर मला माझं काम माहीत होतं. वाटेभर मी तिच्यावर रागावून बघितलं, जमलं नाही. सासूवर रागावले, तेही टिकलं नाही.

घरी धाकटी दारातच उभी होती. "मारतात?"

"न्हाई."

"डबा काढून घेतला?"

"न्हाई. वायर तुटली होती, ती जोडली. थोरली सासूसोबत खेळते, एका टीव्हीवर." मी गूळ लावून सांगत नाही, मला येतही नाही. धाकटीचं तोंड मात्र असं झालं की, मारतात असंच सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "कशी खेळते सासू?"

"सारखी मरते."

"आणि ताई?"

"तिला उचलते."

"मलाही उचलायची," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डबा लावला. मी मागे डाळ निवडत होते. टीव्हीच्या कोपऱ्यात थोरलीचं नाव उजळलं. एवढं मला वाचता येतं. खाली काहीतरी विचारलेलं आलं.

"बोलावून राहिली का ती?"

"व्हय."

"मग दाब न."

धाकटी रिमोट मांडीवर ठेवून बसली. "थांब. बसू दे तिला जरा वाट बघत."

मी थांबले. नाव तसंच होतं. पलीकडे, कनेरगावला, थोरली टीव्हीसमोर बसलेली असणार, बहुतेक सासूला शेजारच्या खोलीत बसवून. धाकटीने नख कुरतडलं. मग ते नाव विझलं.

"गेली," मी म्हणाले.

"उद्या येईल."

"आणि न आली तर?"

"येईल, आजी." तिने डबा बंद केला आणि पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही. दोघींपैकी कोण कोणावर रुसलं आहे हे मला विचारायचं होतं. मग वाटलं, हिला तरी कुठं माहीत असणार. मी डाळ पाखडून घेतली आणि भात टाकायला उठले.