यादीतलं चौदावं पुस्तक

"काही चांगलं असेल तर द्या," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची मला पहिल्यापासून चीड आहे. भाजीबाजारात कोणी असं म्हणत नाही. तिथे वांगं दाबून बघतात, भेंडीचं टोक मोडून बघतात. पुस्तकाच्या दुकानात मात्र हीच माणसं तोंड वासून उभी राहतात. मग ज्याने ते पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही असा कोणी शहाणा त्यांना सांगतो, हे वाचा, फार सुंदर आहे. ती घेऊन जातात.

सत्तरच्या दशकात तुमसरला बाजाराच्या रस्त्यावर माझं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं. त्याआधी मी सायकलवर रद्दी गोळा करत असे. मला कोणी दुकान थाटून दिलं नाही, कोणी पुस्तक हातात दिलं नाही. रद्दीत आलेलं तोलण्याआधी चाळायचो, चाळता चाळता वाचायला लागलो, आणि एक दिवस लक्षात आलं की किलोने विकण्यापेक्षा हे दिवसाच्या भाड्याने दिलेलं बरं.

दुकानात निम्म्याहून जास्त पुस्तकं जादूची होती. मिठाच्या किल्ल्याची नऊ भागांची मालिका, काचेच्या घोड्याची सहा भागांची, आरशामागच्या शहराची, समुद्राखालच्या राजकन्यांची. शाळेतले मास्तर नाक मुरडायचे आणि तीच पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. वर पुन्हा सांगायचे, "पोरांसाठी नेतो." एका मास्तरांना तर पोरंच नव्हती.

माल कुठून यायचा? बराचसा जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून. तिथल्या क्वार्टरमध्ये कोणाची बदली झाली की मी तराजू घेऊन हजर. एकदा एका साहेबांच्या बायकोने मिठाच्या किल्ल्याचे नऊच्या नऊ भाग समोर ठेवले.

"सगळे नवे आहेत हो. फार छान मालिका आहे. तुम्ही पण वाचा."

"कोणता भाग जास्त चांगला, बाई?"

"सगळेच."

मी पाचवा भाग उचलला. आतली पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना जोडलेली होती, कोणी कापलेलीसुद्धा नव्हती. ते पान मी त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणालो, "नवे आहेत हे खरं आहे. रद्दीच्या भावाने घेतो." त्या लाल झाल्या, पण दिले. पहिले दोन भाग पाणी घातलेल्या दुधासारखे आहेत, खरी गोष्ट तिसऱ्यापासून सुरू होते, हे मला त्यांनी नाही सांगितलं. ते मला वाचून कळलं.

म्हणून मी यादी केली. पुठ्ठ्यावर ड्रॉइंगचा कागद चिकटवून, शाईने, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल अशी भिंतीवर टांगलेली. दर उन्हाळ्याला नवी. प्रत्येक पुस्तकापुढे एक शेरा: "पहिले दोन भाग सोडा." "चेटकीण मेल्यावर वाचणं बंद केलं तरी चालेल." "सहावा भाग लेखकाने झोपेत लिहिला आहे." आणि सगळ्यात वर एक ओळ: या यादीतलं प्रत्येक पुस्तक मी स्वतः शेवटपर्यंत वाचलं आहे. त्या ओळीवर मी धंदा केला. भाड्यात मी कोणाला पाच पैसे सोडत नसे, पण यादी बघून नेलेलं पुस्तक वाईट निघालं असं म्हणायला कोणी परत आलं नाही.

यादी खरोखर वाचणारं गिऱ्हाईक एकच होतं. आंबागडच्या किल्ल्याखालचा शेतकरी, पन्नाशीचा. थोडं धान, उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्त्याचं काम. बाजाराच्या दिवशी यायचा, यादीसमोर उभा राहून बोट फिरवत वाचायचा आणि वाचलेल्यावर भांडायचा. मी त्याला मामा म्हणायचो.

"भाऊ, तू लिवलं का सहावा भाग झोपेत लिवला. मी वाचलो. झोपेत नाई लिवला, दारू पिऊन लिवला."

"कशावरून, मामा?"

"घोडा तिसऱ्या भागात फुटला होता ना? काच होती ते. सहाव्यात पुन्हा पळून राहिला. झोपेतला मानूस असा नाई चुकत."

मी कागदावर शेरा बदलला. असं गिऱ्हाईक मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. बैल तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चरायला सोडायचे आणि आपण झाडाखाली वाचत बसायचं, असा त्याचा क्रम. एकदा तो म्हणाला, "हे सारे जादूगर समुद्रावर नाई तं वाळवंटात. धानाच्या बांधीत एखादा काहून नाई येत गा? का चिखलाले भेतेत?"

मी हसलो. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढे मी त्याचा फार वाईट उपयोग केला.

गावात एक सार्वजनिक ग्रंथालय होतं. त्याचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. बाजारात आले की माझ्या दुकानासमोर थांबायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. मला वाटायचं, माणूस वाचणारा आहे. त्या पावसाळ्यात ग्रंथालयाचा छापील वार्षिक अहवाल निघाला. त्यात एक पान: "वाचकांसाठी शिफारस: अद्भुत कादंबऱ्या आणि मालिका." खाली अध्यक्षांचं नाव. क्रम माझा, शेरे माझे. "पहिले दोन भाग सोडा" हेसुद्धा शब्दशः. वरची ओळ तेवढी गाळली होती. तेवढी लाज असावी.

मी अहवाल घेऊन ग्रंथालयात गेलो.

"सर, ही यादी माझी आहे."

"तुझी कशी? ही पुस्तकं तू लिहिलीस का?"

"वाचली मी. तुम्ही यातलं एक तरी वाचलं का?"

"हे बघ, शिफारस काही कोणाच्या मालकीची नसते."

"मग खाली तुमचं नाव कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मग काय, रद्दीवाल्याचं नाव छापायचं का आम्ही अहवालात?"

बाजूला बसलेले दोघे हसले. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, शाईची दौत सांडली, आणि शिपायाने मला दंडाला धरून पायरीपर्यंत आणलं. ते हसणं मी आजही विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी नवी यादी लावली. तेरा पुस्तकं खरी. चौदावं मी बनवलं: "सातव्या बोडीचा राखणदार." बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मी विचार केला, जादूची कादंबरी आणि ती आमच्या चिखलात घडते, यावर अक्कल असलेला माणूस विश्वास ठेवणार नाही. शेरा लिहिला: "भाषा बघावी." भाषा बघावी म्हटलं की न वाचणाऱ्याला बोलायला सोपं जातं.

अध्यक्ष आले, टिपून गेले. मी गल्ल्यावर बसून आतल्या आत उड्या मारत होतो.

ग्रंथालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला मी धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. अहवाल वाटला गेला; चौदावं होतं. आणि अध्यक्ष त्याच पुस्तकावर बोलायला लागले. आपल्या मातीतली कादंबरी. काय ती भाषा. आपण म्हणे ती दोनदा वाचली, पहिल्यांदा नोकरीत असताना. राखणदाराचं पात्र तर डोळ्यांसमोरून हलत नाही. दहा मिनिटं! मी उभा राहिलो.

"सर, शेवट काय होतो त्याचा?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. अध्यक्ष पापणीही न हलवता म्हणाले, "शेवट सांगून मी वाचकांचा आनंद हिरावून घेणार नाही."

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. मी ओरडायला तोंड उघडलं की असं पुस्तकच नाही, आणि तसाच थांबलो. कारण पुढचा प्रश्न कोणीही विचारला असता: मग तुझ्या दुकानात, त्या ओळीखाली, ते कसं? दुसऱ्यासाठी आणलेलं खोटं वजन माझ्याच तराजूत पडलं होतं. मी खाली बसलो. बाजूचा माणूस म्हणाला, "तुम्ही वाचलं असेल ना? तुमच्या यादीत बी हाय." मी मान हलवली.

घरी आल्यावर मी चौदावं खोडायला हवं होतं. खोडलं नाही. खोडलं असतं तर अध्यक्ष जिंकले असते, असा माझा हिशेब होता. रागाच्या भरात माणूस किती मूर्ख हिशेब करतो!

पुढच्या बाजाराला आंबागडचा मामा आला. बोट फिरवत खाली गेला आणि चौदाव्यावर थांबला. वळला तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बोडीवरचं हाय?"

"हो."

"कोनी लिवलं गा? आपल्याकडचा हाय का?"

"असेल."

"दे."

"बाहेर गेलंय, मामा. कोणीतरी नेलंय."

एका बाजाराला बाहेर गेलेलं होतं, दुसऱ्याला शिवणीच्या एका गिऱ्हाइकाकडे पडलं होतं, तिसऱ्याला नागपूरहून दुसरी प्रत येणार होती. मी आयुष्यभर घासाघीस केली, माल चांगला नसताना चांगला म्हणालो, पण इतकं नीच वाटलं नव्हतं. तो दर वेळी दोन प्रश्न विचारायचा. राखणदार कशाची राखण करते? मासोळ्यांची का पान्याची? बोडी फुटते का शेवटी? मी म्हणायचो, वाचशील तेव्हा कळेल. म्हणजे अध्यक्षांचंच वाक्य, जरा स्वस्त करून. बाकीची पुस्तकं नेणं त्याने बंद केलं. "आता तेच वाचीन," म्हणायचा.

धान कापणी झाल्यावर एका बाजाराला तो कापडाची पिशवी घेऊन आला. गल्ल्यावर ठेवली. चिन्नोर तांदूळ होता, नवा, वास दुकानभर पसरला. पायलीभर तरी असेल.

"हे घे. नागपूरले स्वतः जा, पन आनून दे. भाड्याचं वेगळं देईन."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने भाव विचारला नव्हता. कमी करू का, जास्त देऊ का, काही नाही. माझ्याशी कोणी घासाघीस न करता सौदा केला तो तेवढाच. मी पिशवी त्याच्याकडे सरकवली.

"मामा, ते पुस्तक नाही."

"बाहेर हाय?"

"नाहीच. कोणी लिहिलेलंच नाही. मी बनवलं." आणि मी सगळं सांगितलं. अध्यक्षांचं, अहवालाचं, दौतीचं, सापळ्याचं. मला वाटलं, तो हसेल. निदान अध्यक्षांना चार शिव्या देईल. मी त्याला शिव्या सुचवूनही बघितल्या.

त्याने यादीकडे बघितलं. मग म्हणाला, "त्यानं तं तुयी यादी चोरली. मायं काय चोरलं त्यानं?"

"म्हणूनच तर मामा, त्याला धडा..."

"मी का त्याची यादी वाचून येत होतो काय?"

आयुष्यभर भावावरून हुज्जत घालणारा मी, समोरचं रजिस्टर सरळ करत बसलो.

गल्ल्यावर रजिस्टरची पेन्सिल सुतळीने बांधलेली असे. त्याने ती सोडली, बाक यादीखाली ओढला आणि त्यावर चढला. मला वाटलं, चौदावं खोडणार. त्याने हात वर नेला आणि सगळ्यात वरची ओळ खोडली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, पेन्सिल दाबून, ती वाचता येईनाशी होईपर्यंत. मग उतरला, बाक होता तिथे ठेवला, पेन्सिल पुन्हा सुतळीला बांधली. तांदळाची पिशवी उचलली.

"चाललो, भाऊ."

"मामा, काचेच्या घोड्याच्या लेखकाचं नवीन आलंय. ते खरं आहे. मी वाचलंय."

"असेल," तो म्हणाला. मी त्याला जे म्हणालो होतो, तेच.

तो पुन्हा आला नाही. बाजारात दोनतीनदा दिसला, मान हलवायचा, थांबायचा नाही. पुढे ऐंशीनंतर घरोघर टीव्ही आला आणि भाड्याच्या पुस्तकांचा धंदा बसला. मी दुकान विकलं, चांगल्या भावात विकलं.

अध्यक्षांच्या अहवालात चौदावं पुस्तक पुढे कितीतरी वर्षं छापून येत राहिलं. कोणी विचारलं नाही. त्या माणसाबद्दल माझं मत होतं तेच आहे आणि तो गेल्यावरही मी ते बदललेलं नाही. माझ्या यादीतून मात्र मी ते पुस्तक तांदूळ परत गेला त्याच दिवशी काढलं. पुढच्या उन्हाळ्याला नवा कागद चिकटवला, तेरा पुस्तकं शेऱ्यांसकट लिहिली, वर ओळीसाठी जागा सोडली. ती जागा दुकान विकेपर्यंत तशीच होती.