मुखवट्याखाली कोण

त्या अंतराळयानांच्या सिनेमांचा पहिला भाग मी आणि दादानं धसईत भाड्यानं आणलेल्या सीडीवर पाहिला. पुढचे सगळे कल्याणला जाऊन. दादा, माझा मोठा भाऊ, गावी शेती बघायचा. मी शहापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे आणि तालुक्याच्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहितो. लेखाखाली नाव माझं, पण निकाल दादाचा असे. थेटरातून बाहेर पडलं की मी छायाचित्रण, पटकथा असले भारदस्त शब्द जुळवत बसायचो आणि तो हेल्मेट चढवता चढवता सांगून टाकायचा, "वारं आलं," नाहीतर "वारं नाय आलं." विषय संपला.

हे माप आमच्या बोहाड्यातलं. उन्हाळ्यात गावात देवांची नि राक्षसांची सोंगं नाचतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. आमच्याकडे राक्षसाचं आहे, मान मोडेल असा जड लाकडी मुखवटा. आधी बा नाचवायचा, त्याचे गुडघे गेल्यावर दादा. मुखवटा बांधून उड्या कोणीही मारील. संबळ वाजायला लागल्यावर नाचणाऱ्याच्या अंगात वारं आलं, तरच सोंग उभं राहिलं म्हणायचं. आणि एक वर्ष जरी घरानं सोंग चुकवलं, तरी गावचे पंच ते दुसऱ्या घराला देतात.

गेल्या पावसाळ्यात मुरबाडहून येताना दादाची मोटारसायकल घसरली. तो जागीच गेला. तेव्हापासून आई कामापुरतंच बोलते. मुखवटा ओटीवर फडक्यात गुंडाळून टांगलेला होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सोंग तू घेशील का, असं बानं मला दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा सांगितलं, मला जमायचं नाही.

होळीच्या आसपास त्या सिनेमाचा नवा भाग लागला. मी फोनवर तिकिटं काढली आणि सवयीनं दोन काढली. बटण दाबल्यावर लक्षात आलं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून तीन तास बसायची माझी छाती नव्हती, म्हणून बाला घेऊन गेलो.

सिनेमातला म्हातारा कप्तान आम्हा दोघांचा लाडका. तो नट मधल्या काळात खरोखरीच वारला होता. आणि इथे तो पडद्यावर जिवंत! थेटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. मला रडू फुटलं, अगदी हुंदक्यांनी. बा कानाशी आला.

"ह्यो तर मेला ना? दादा सांगत व्हता."

"मेलाय. दुसराच माणूस काम करतोय. कॉम्प्युटरवर याचा चेहरा लावलाय त्याला."

"म्हंजे सोंगच की," बा म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "मग खाली कोण हाय?"

"असंल कोणतरी."

"कोणतरी कसा? नाचतोय तो. त्याला नाव नाय?"

सिनेमा संपला तरी बा उठेना. शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात असं त्याला दादानं कधीतरी सांगितलं होतं. मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक इंग्रजी नावं भराभरा वर गेली. झाडूवाला आमच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. मला काही ते नाव सापडलं नाही. "बिचारा," बा म्हणाला आणि गुडघे धरत उठला.

त्या आठवड्याचा लेख मी तावातावानं लिहिला. शिळ्या कढीला ऊत आणलाय म्हणालो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणालो. ज्यानं अंग झिजवलं त्याचं नाव शोधून सापडत नाही, वारं आलेलं नाही. निकाल पहिल्यांदाच माझा होता. मी रडलो होतो, हे मात्र लिहिलं नाही. मेलेला माणूस तसा परत आलेला मला हवा होता, हेही नाही लिहिलं.

पुढच्या रविवारी गावी गेलो तर बा ओटीवर मुखवट्याला तेल लावत बसलेला. पंच येऊन गेले होते आणि त्यानं मला न विचारता होकार दिला होता. माझं डोकंच फिरलं.

"माझ्या अंगात वारं यायचं नाय, बा."

"नाय तर नाय. घराचं सोंग घरात ऱ्हाऊ दे."

मी दादाचा नाच फोनवर लावला. मागच्या वर्षी मीच काढलेला व्हिडिओ. पाऊल कुठे पडतं, मान कधी झटकतो, सगळं थांबवून थांबवून घोकलं. शहापुरातल्या खोलीवर दार लावून महिनाभर हेच चालू होतं.

बोहाड्याच्या रात्री आमचं सोंग उजाडताना निघालं. मुखवटा आतून दादाच्या घामानं काळा पडला होता आणि मला ढिला होत होता. बानं त्यात दादाचा पंचा कोंबला, मग नीट बसला. मी नाचलो. वारं बिरं काही आलं नाही. एक, दोन, तीन, झटका, असं मोजत होतो. लोक मात्र वेडे झाले. "अगदी तोच रे!" "दादाच हाय गो, बघ तरी!" सगळीकडून शिट्ट्या.

दारात आलो. सोंग घरी आलं की घरची बाई पायावर पाणी घालते आणि मुखवट्याला ओवाळते, त्याशिवाय तो उतरवायचा नसतो. आई ताट घेऊन पुढे आली. तिनं मुखवट्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि हाक मारली. दादाच्या नावानं.

बा शेजारीच उभा होता. खाली कोण हाय म्हणून भर थेटरात विचारणारा माझा बा. त्यानं मान खाली घातली.

आईनं परत हाक मारली. मी आतून ओ दिली.