सुनेसाठी मलम आणताना सुमनवहिनी आठवल्या

मैत्रिणींनो, आज सकाळी सुनेसाठी मलम आणायला गेले होते. बाळाला पाजून तिच्या स्तनाग्रांना चिरा पडल्यात. दुकानातल्या मुलीने दोन-तीन मलमं दाखवली. त्यातलं बिनवासाचं, पाजण्याआधी पुसावं न लागणारं घेतलं.

ऐंशी सालच्या आसपास आम्ही नागपूरजवळ खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. थोरला नुकताच झाला होता. मलाही अशाच चिरा पडल्या. तो तोंडाला लागला की डोळ्यांत पाणी यायचं, पण लाजेने कुणाला सांगितलं नाही.

शेजारच्या सुमनवहिनींची मुलगीही तेव्हा अंगावर पीत होती. माझं रडणं ऐकून त्या आल्या.

"काहून रडून राहिली वं? दाखव मले."

त्यांनी माझं बाळ सरळ पदराखाली घेतलं. "आज मी पाजतो त्याले. तू झोप जरा."

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून त्यांनी मला बाळाला नीट धरायला शिकवलं. हळूहळू चिरा भरल्या.

आज दुपारी त्यांना फोन केला. म्हटलं, "वहिनी, तेव्हाचे आभार मानायचेच राहिले."

"कायचे आभार वं? आपलं पोरगं कसं आहे ते सांग."

"आपलं" ऐकलं आणि मी त्यांना थोरल्याचं सगळं सांगत बसले.

तुमच्या बाळंतपणात अशी कोण होती?