पूजेत बसलेली किल्ली

बडोद्याला येऊन तीन आठवडे झाले आणि माझे पाय शिवशिवायला लागले. गेली चार वर्षं आमचं घर म्हणजे एक व्हॅन. मागे छोटा ओटा, गॅस, समोरासमोर दोन बाकं, त्यांच्याखाली कपडे आणि पुस्तकं. नवरा लॅपटॉपवर कंपनीचं काम करतो, मी गाडी चालवते आणि मुलीला शिकवते. ती दहा वर्षांची आहे. पहिलीनंतर तिची शाळा आम्हीच सोडवली. नदी शिकायची तर नदीकाठी मुक्काम, अपूर्णांक शिकायचे तर बाजारात जायचं. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन.

बडोद्यात मात्र ते कुणाच्या गळी उतरत नाही. कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये सासरे एकटे राहतात. लिफ्टमध्ये भेटणारी प्रत्येक बाई मुलीच्या गालाला हात लावून विचारते, "कया स्टँडर्डमां छे, बेटा?" मुलगी हसून सांगते, "गाडीमां." मग बाई माझ्याकडे बघते आणि कुठल्यातरी चांगल्या ट्यूशनचा पत्ता देते. तिसऱ्या आठवड्यात मी लिफ्ट सोडून जिनाच धरला.

खरं तर बायकांचं निमित्त. मला कुठेच महिन्याच्या वर राहवत नाही. दूधवाला ओळखायला लागला, भाजीवाली "आज मेथी नाही?" म्हणायला लागली, की माझा जीव गुदमरतो. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणते, मुलीच्या शिक्षणासाठी फिरतोय. तेव्हा नवमीला सकाळी निघायचं मी ठरवून टाकलं. उदयपूरच्या पुढे एका शेतावर राहायची सोयही केली.

"नवमीला कोण निघतं?" सासरे म्हणाले. "दसऱ्याचे फाफडा-जलेबी तरी खाऊन जा. निरांते जा ना, उतावळ शेनी आहे?" म्हणजे सावकाश जा, घाई कसली; त्यांचं मराठी बोलता बोलता गुजराती होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

"त्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो, बाबा," असं काहीतरी मी ठोकून दिलं.

नवरात्र बसल्यापासून मुलगी रोज संध्याकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये गरबा खेळत होती. पहिल्या दिवशी कडेला उभी राहिली, दुसऱ्या दिवशी कुणीतरी हाताला धरून आत ओढली, आणि पंचमीपर्यंत ती दुसऱ्यांच्या चुका काढायला लागली होती. अष्टमीला वेणी सोडताना म्हणाली, "आई, उद्या शेवटची आरती होते. मग गरबो विसर्जनाला नेतात. सगळ्या मुली जाणार आहेत." गरबो म्हणजे मधोमध मांडलेलं भोकाभोकांचं मडकं, आत दिवा असलेलं.

"आठ दिवस खेळलीस की. नववा काय वेगळा असणार?"

"मी कशाचाच शेवट बघितलेला नाही," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

आणि मग तिने मोजून दाखवलं. कोकणात कोंबडी अंड्यांवर बसली होती, पिल्लं बाहेर यायच्या आत आम्ही निघालो. एका गावातल्या शाळेत पाहुणी म्हणून तिला नाटकात झाडाचं काम दिलं होतं. तालमी सगळ्या केल्या, आणि नाटकाच्या दिवशी आम्ही घाट उतरत होतो. विणकराच्या मागावरची साडी तर जेमतेम पदरापर्यंत आली होती. "त्या पिल्लांचं काय झालं, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. मी तिचे केस जरा जोरातच विंचरले आणि विषय संपवला.

सासऱ्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यातली एक तलवार उरलीय. ती वर्षभर कपाटावर जुन्या धोतरात गुंडाळलेली असते आणि खंडेनवमीला पुसून, तेल लावून पाटावर येते. शेजारी घरातल्यांनी आपापली हत्यारं मांडायची. सासूबाई गेल्या, पण त्यांची शिवणाची कात्री अजून मांडतात. पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही, हा या घरचा नियम. म्हणून नवमीच्या सकाळी नवऱ्याने हुशारीने लॅपटॉपऐवजी जुना माउस ठेवला. मी स्वयंपाकघरात थर्मास भरत होते. मुलीला म्हटलं, तुझं गणिताचं पुस्तक ठेव, ते इथेच राहिलं तरी वाटेत आपल्याला इतिहास चालेल.

थर्मास भरून बाहेर आले तर खुंटीवर गाडीची किल्ली नाही.

"पूजेत आहे," मुलगी म्हणाली.

तलवारीला अगदी खेटून किल्ली ठेवलेली होती. तिच्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. "आजोबा म्हणाले, ज्याच्यावर आपलं काम चालतं ते ठेवायचं. माझी शाळा गाडीतच आहे ना?"

सासरे उदबत्ती लावण्यात फारच गुंतले होते. "आता उद्याच, बेटा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. नवरा आतल्या खोलीत सटकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये असते. हे नवऱ्याला माहीत होतं आणि मुलीलाही. तिने पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी किल्ली काढली आणि म्हटलं, चला.

तिने हट्ट केला नाही. बूट घातले, स्वतःची बॅग उचलली, चनियाचोळी घडी करून पिशवीत घातली. खाली व्हॅनमध्ये डबे घरंगळू नयेत म्हणून पट्टा ओढला, गॅसचा कॉक बघितला, खिडकी लावली. प्लॉटमध्ये मुली रांगोळी काढत होत्या, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही. इतकं चटकन आवरून निघणारं मूल मी दुसरं बघितलेलं नाही. हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. नवरा अजून वर लॅपटॉप आवरत होता. माझ्या शेजारी बसून तिने सीटबेल्ट लावला आणि विचारलं, "मग आता इतिहासच ना? कुठलं पान?"

ती रडली असती तर मला बोलता आलं असतं. रडण्यावरची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. मी किल्ली लावली, पण फिरवायला हात होईना. चार वर्षं या मुलीला मी जग दाखवत होते, आणि तिला जे सगळ्यात चांगलं जमत होतं ते निघणं होतं.

मी वर गेले आणि दुसरी किल्ली पहिलीशेजारी ठेवली. सासऱ्यांनी काहीही न विचारता तिलाही हळदकुंकू वाहिलं. मी शेतावर फोन करून येत नसल्याचं कळवलं.

उरलेला दिवस मला खायला उठला. गॅलरीत येरझारा घातल्या, सासऱ्यांचा फ्रीज घासला, नवऱ्याशी बिनकारणाचं भांडले. संध्याकाळी खाली उतरताना मुलीने माझं मनगट धरलं. "आई, आरती होईपर्यंत थांब हं. मधेच वर जाऊ नकोस."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. ढोल सुरू झाला, मुलींचं रिंगण फिरायला लागलं. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या, टाळ्या देत होत्या. माझी मुलगी माझ्यासमोर आली की टाळी चुकवून मान वळवायची आणि खुर्चीत मी आहे का ते बघायची. कितीही फेऱ्या झाल्या तरी तिची खात्री पटत नव्हती.